जास्वंदीचा वैरी

शेषेराव मास्तरांनी लातूरच्या एका शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. लाल, ठिपकेवाला ढालकिडा शेतकऱ्याचा मित्र, तो झाडाचा रस शोषणारी मावा ही कीड खातो, हे स्वतः रंगवलेला तक्ता दाखवून त्यांनी पोरांकडून घोकून घेतलं होतं. तो तक्ता आता त्यांच्या पडवीत टांगलेला होता.

निवृत्तीनंतर त्यांची परीक्षा घेतली ती अंगणातल्या जास्वंदीनं. ती त्यांच्या बायकोनं, गोदावरीबाईंनी, माहेरून, उमरीहून फांदी आणून लावलेली. तिथलं मूळ झाड रस्ता रुंद करताना गेलं. आता उरली ती हीच. तिच्यावर मावा पडला आणि कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या. बाई म्हणाल्या, निंबोळीचा अर्क मारू. मास्तर म्हणाले, आधी निरीक्षण.

निरीक्षणात माव्यात फिरणाऱ्या काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या दिसल्या. इतक्या उग्र रूपाचा जीव गुन्हेगारच असणार, असा शास्त्रीय निष्कर्ष काढून मास्तर रोज सकाळी चिमट्यानं एकेक अळी साबणाच्या पाण्यात बुडवू लागले. मावा दुपटीनं वाढला. तेव्हा मास्तरांनी चिमटा बदलला.

"झाड वाचवून राहिलात का मारून?" गोदावरीबाईंनी विचारलं.

पाचवीतल्या नातीला, ऋतुजाला, शत्रू ओळखता यावा म्हणून मास्तरांनी चार अळ्या माव्याच्या डहाळीसकट बरणीत घालून दिल्या. दोन दिवसांत डहाळीवरचा मावा साफ झाला. मग अळ्यांचे कोष झाले. आठवड्यानं ऋतुजा बरणी घेऊन आली. आत चार लाल, ठिपकेवाले किडे.

"आबा, हे तुमच्या तक्त्यावरचेच हायत ना?"

मास्तरांनी बरणी तक्त्याशेजारी धरून पाहिली. तक्त्यावर फक्त मोठा ढालकिडा होता. त्याची पिल्लं कशी दिसतात, हे उभा जन्म पोरांत काढलेल्या माणसानं कधी विचारलंच नव्हतं.

त्यांनी आत जाऊन बायकोपाशी कबुली दिली. बाईंनी हसू दाबलं नाही. चिमटा जप्त झाला. मास्तरांनी रोज पानांच्या खालून पाण्याची धार मारून मावा झाडायचा, तोही ऋतुजा सांगेल तसा, असं ठरलं. चारही ढालकिडे ऋतुजानं फांदीवर सोडले.

पंधरा-वीस दिवसांत मावा विरळ झाला, कळ्या टिकू लागल्या. एका सकाळी पानाखाली काळी अळी दिसली आणि मास्तरांचा हात सवयीनं पुढं गेला.

"हात मागं," गोदावरीबाई म्हणाल्या.

मास्तरांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले. वरच्या फांदीवर पहिलं फूल उमललं होतं. ते देवासाठी तोडू का, हेही त्यांनी आधी ऋतुजाला विचारलं.