मोकळ्या जागेतला बांबू

मी तारोडीच्या किनाऱ्यावरचा बांबू बोलतोय. नाक मुरडू नका, वास माझा नाही, बोंबलांचा आहे.

वरसाव्याच्या पुलाजवळच्या वखारीतून दुर्गाने मला पारखून आणलं. गावाच्या मैदानात आम्हा बांबूंना रोवून, आडव्या दोऱ्या ताणून तिने बोंबील सुकवायची वलांडी उभी केली. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून ती जोडीजोडीने बोंबील टांगायची. त्यावरच तिचं घर चालायचं. मला त्याचा भारी तोरा होता.

मग बातमी आली, शहराचा पुढच्या वीस वर्षांचा विकास आराखडा होतोय, साहेब जागा बघायला येणार. दुर्गाच्या सासऱ्याचा, राघोचा, आनंद गगनात मावेना.

"पावनं येतान. त्यानला या वासात बसवाचं हाय काय? समदं काढा!"

झालं! गावाने सगळ्या वलांड्या उतरवल्या. आमच्या मोळ्या बांधून घरामागे टाकल्या. मैदान झाडलं, खुर्च्या मांडल्या, दुर्गाने रांगोळीसुद्धा काढली. साहेब चहा प्याले, "छान स्वच्छ ठेवलंय हो," म्हणाले. निघताना हळूच विचारलं, "सुके बोंबील मिळतील का? मिसेसना फार आवडतात." दुर्गाने निवडक बोंबलांची पिशवी भरून दिली. मला वाटलं, हा माणूस आपला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा जागेवर उभे राहिलो. काही महिन्यांनी आराखडा जाहीर झाला. आमच्या मैदानावर लिहिलं होतं, 'मोकळी जागा. प्रस्तावित वाहनतळ.'

दुर्गा हरकत घेऊन सुनावणीला गेली. परतल्यावर वलांडीखालीच बसून तिने सासऱ्याला सगळं सांगितलं. सुनावणीत समोर तेच साहेब होते.

"मी त्यांना बोल्ली, साहेब, तितं आमी बोंबील सुकवताव. तर बोल्ले, पाहणीच्या दिवशी तिथे काहीच नव्हतं. मी बोल्ली, तुमच्यासाठीच काढलं व्हतं. आता येऊन बगा, उभी हाय वलांडी. तर हसले. बोल्ले, ताई, आराखडा लागला की सगळेच काहीतरी उभं करतात."

केसाने गळा कापला हो त्या माणसाने! पिशवीतले बोंबील काय आभाळात वाळले होते? मी चिडून करकरलो, पण बांबूचं कोण ऐकतं? राघो मात्र "मीच काढाला सांगलं," एवढंच म्हणाला. तेव्हापासून तो मैदानाकडे फिरकला नाही.

शेवटी मशीन आलं आणि आम्हाला बुडापासून उपटून गेलं. आता तिथे गाड्यांसाठी पिवळे पट्टे मारलेत. मी घरामागे भुंग्यांच्या तोंडी पडलोय. दुर्गा पत्र्यावर मावतील तेवढे बोंबील वाळवते, बाकीचे ओलेच मिळेल त्या भावात देऊन टाकते.

उद्या तुमच्या गावातही आराखडेवाले येतील. त्यांना चहा द्या, खुर्ची द्या. पण त्यांच्यासाठी काही आवरू नका. नाकाला रुमाल लावून फिरू दे त्यांना. दुर्गाने एका दिवसासाठी मला बाजूला ठेवलं होतं. आता परत रोवायला तिच्याकडे जमीनच नाही.