टाकीतलं पाणी

कंपाउंडरांनी टाकीत बोट बुडवून नाकाशी नेलं. फिनेलचा वास नाही, साबणाचा नाही. तरीही दोन गोबी माशांतला एक सकाळी मेला होता, आणि उरलेला, बोटाएवढा, वाळूतल्या बिळाच्या तोंडाशी धापा टाकत पडला होता. एरवी हा पठ्ठ्या त्यांची चाहूल लागताच डोळे वटारून बाहेर यायचा.

संशय ताईवर होता. दुसरं कोण असणार? घरात माणसं दोनच. नवरा गेल्यावर थोरली बहीण कायमची राहायला आली आणि आल्या आल्या म्हणाली, या खाऱ्या डबक्याच्या जागी माझं कपाट छान मावलं असतं. म्हणाली हसतच, पण कंपाउंडरांनी ते मनात धरलं. त्यांचा स्वभावच तसा. दवाखान्यात एखाद्या बाटलीचं बूच सैल दिसलं, तरी ते आधी माणसांकडे बघत, मग बाटलीकडे.

त्यात पाण्याची वेगळीच गोम होती. उन्हाच्या दिवसांत टाकीतलं पाणी उडून बोट-दोन बोटं खाली उतरतं. तेवढं साधं पाणी ते सुट्टीच्या दिवशी वरून घालत. हल्ली पाणी उतरतच नव्हतं. म्हणजे कोणीतरी काहीतरी ओतत होतं. त्यांनी ते पाणी नाना तऱ्हांनी तपासलं, मीठ तेवढं तपासलं नाही. घरात काय समुद्र शिरणार होता?

म्हणून त्या दिवशी ते दुपारीच परतले, चपला बाहेर काढून, पाय न वाजवता. ताई टाकीपाशी स्टुलावर उभी होती. हातात प्लॅस्टिकचा जग.

"काय ओततेस?"

"पाणी," ताई सहज म्हणाली. "मीठ घातलंय, टाकीसाठी आणलेल्या तुझ्याच पिशवीतलं. समुद्रातला जीव ना तो? तू दमून येतोस, म्हटलं एवढं तरी आपण बघावं."

कंपाउंडर मटकन खुर्चीत बसले. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. वरून पुन्हा मिठाचंच पाणी घातलं की टाकी खारट होत जाते. हे त्यांनी तिला कधी सांगितलंच नव्हतं. आता सांगितलं, आणि बोलण्याच्या भरात फिनेलचंही बोलून गेले.

आपल्या हातून मासा मेला म्हणून ताईचे डोळे भरून आले होते. फिनेलचं ऐकलं आणि ते कोरडे झाले.

"मी विष घालते असं वाटत होतं तुला. मग माझ्या हातचा डबा कसा खात होतास रे?"

हो, खात होतो, एवढंच म्हणायचं होतं. पण कित्येक दिवस तो डबा ते दवाखान्यामागच्या कुत्र्याला घालत होते, आणि कुत्र्याला काही होतं का ते बघत होते. कुत्रं चांगलं गुबगुबीत झालं होतं. कंपाउंडरांना स्वतःची लाज वाटली. ते फरशीकडे बघत राहिले, आणि ताई काय ते समजली.

ती आत गेली. भांड्यांचा आवाज झाला. बाहेर आली ती एकच ताट घेऊन. त्यांच्यासमोर बसून तिने त्यातला एक घास घेतला, सावकाश चावून गिळला, आणि मग ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

"जेव आता," ती म्हणाली.