ओडमची लाल जर्सी

शनिवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी ब्लफ स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक जरेल ओडम स्वतःच्याच संघातल्या खेळाडूच्या अंगाखाली सापडला आणि उठला नाही. हंगामाचा पहिला सामना पुढच्या शनिवारी होता. स्टेडियमची दारं बंद करून सराव सामना चालला होता, त्यामुळे हे पाहायला प्रेक्षक नव्हते.

धडक देणारा बो लँडिंगहॅम पहिल्या वर्षाचा. तो चटकन उठला, दोन्ही हात वर करून मागे सरकला आणि कोणी काही विचारायच्या आत म्हणायला लागला, "पांढरी होती. त्याच्या अंगावर पांढरी होती."

ते खरं होतं. सरावात क्वार्टरबॅक लाल जर्सी घालतो. संघाचा सगळा खेळ एकट्या त्याच्या हातातून जातो, म्हणून लाल जर्सीला कोणी हात लावायचा नाही. जवळ पोचलं की शिट्टी वाजते आणि डाव थांबतो. अलाबामात हे शाळकरी पोरांनाही सांगावं लागत नाही. त्या सकाळी मैदानावर अर्धे खेळाडू निळ्या जर्सीत होते, अर्धे पांढऱ्या. लाल एकही नव्हती.

ओडमला गाडीवरून नेत असताना मुख्य कोच गार्लंड टीग त्याच्या बाजूने चालत होता. ओडमने डोळ्यांवर हात घेतला होता. उजवा गुडघा बर्फाखाली होता.

"कोच," तो म्हणाला, "मी चेंडू सोडला नाही."

"बघितलं मी."

"घसरलोही नाही."

टीगने बर्फाची पिशवी गुडघ्यावर नीट बसवली.

घसरण्याचा विषय जुना होता. गेल्या नोव्हेंबरमध्ये, वर्षातल्या शेवटच्या सामन्यात, ओडम चेंडू घेऊन स्वतः पळाला. समोरून दोन धिप्पाड गडी आले आणि तो पाय पुढे टाकून घसरला. नियमात ते बसतं. क्वार्टरबॅक असा घसरला की त्याला मारता येत नाही. पण तो जिथे घसरेल तिथेच चेंडू धरला जातो, आणि ओडम गोलच्या रेषेच्या अर्धा यार्ड, म्हणजे हातभर, अलीकडे घसरला होता. सामना तिथे गेला. सबंध हिवाळा न्हाव्याच्या दुकानात आणि पेट्रोल पंपावर त्या अर्ध्या यार्डाखेरीज बोलणं नव्हतं.

टीगचं हे चौथं वर्ष. वय चौपन्न. पहिल्या वर्षी त्याने दोन सामने जिंकले तेव्हा चर्चच्या पायऱ्यांवर लोकांनी त्याचे हात हातात घेऊन आभार मानले. गेल्या वर्षी नऊ जिंकले, तेव्हा आभार मानणारे घटले. यंदा जुलैमध्ये विभागातल्या पत्रकारांनी हंगाम कोण जिंकेल यावर मतं दिली आणि ब्लफ स्टेटला पहिल्या क्रमांकावर ठेवलं, आणि उरलेलेही गेले. त्या मतांना सामन्यात काडीची किंमत नसते. पण गावाने ती बातमी वाचली आणि डिसेंबरातल्या अंतिम सामन्यासाठी हॉटेलच्या खोल्या धरून ठेवल्या. टीगचा करार विद्यापीठाने आणखी दोन वर्षांनी वाढवायचा होता. जूनमध्ये त्याला सांगण्यात आलं की हंगाम सुरू होऊ दे, मग बघू.

त्याच जूनमध्ये त्याच्या बायकोने, मर्लने, सुतार बोलावून बैठकीच्या खोलीत भिंतीत पक्कं बसवलेलं पुस्तकांचं कपाट करून घेतलं. कोचच्या नोकरीत दोघांनी बरीच गावं आणि बरीच घरं पाहिली होती. कुठल्याच घरात तिने खिळ्यापलीकडे काही ठोकलं नव्हतं.

त्या सराव सामन्याच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, क्वार्टरबॅक क्लबचं जेवण होतं. नाव तसं असलं तरी या क्लबात क्वार्टरबॅक कोणी नाही. मोटारींचे विक्रेते, दंतवैद्य, दोन न्यायाधीश, जमीनवाले, असे देणगीदार हंगामात दर गुरुवारी जमतात, तळलेलं चिकन आणि उकडलेल्या शेंगा खातात आणि कोचला प्रश्न विचारतात. कोचने उभं राहून उत्तरं द्यायची असतात. त्या दिवशी ह्युई क्रंप्टनने माइक मागून घेतला. त्याचे कोंबड्यांचे तीन कारखाने आहेत आणि स्टेडियमच्या नव्या बाजूवर त्याचं नाव आहे.

"कोच, एक बारीकशी शंका आहे. आपला पोरगा सरावात ती लाल जर्सी घालतो ना?"

"सगळीकडेच घालतात, ह्युई."

"नाही, ते ठीकच आहे. मला एवढंच विचारायचं होतं, सामन्यालाही घालू द्याल का त्याला? म्हणजे पलीकडचेही हात लावणार नाहीत."

लोक हसले. एका न्यायाधीशाला ठसका लागला.

"माझी नात बॅले शिकायला जाते," क्रंप्टन म्हणाला. "तिच्या क्लासात याच्यापेक्षा जास्त लागतं हो पोरींना."

टीगनेही हसून दाखवलं. मुख्य टेबलावर त्याच्या शेजारी लेनोरा हॅस्क्यू बसली होती. ती विद्यापीठाची क्रीडा संचालक. टीगला नेमणारी तीच आणि काढायचं झालं तर काढणारीही तीच. ती ताटाकडे बघत होती. टीगला दिसलं की तिच्याही ओठाचा कोपरा हलला.

क्रंप्टनने माइक खाली ठेवला आणि बसता बसता, फक्त मुख्य टेबलाला ऐकू जाईल असं म्हटलं, "यंदा कारणं ऐकायला मी खुर्च्या बसवून दिलेल्या नाहीत."

त्या शनिवारी सकाळी, सरावापूर्वी, टीग सगळ्यांच्या आधी स्टेडियमवर पोचला. खेळाडूंच्या खोलीत जाऊन त्याने ओडमच्या खणातली लाल जर्सी काढली आणि पांढरी अडकवली. ओडम नेहमीप्रमाणे बाकीच्यांच्या अगोदर आला. खणासमोर थबकला.

"आज लाल नाही," टीग म्हणाला.

"बरं, सर."

"काही हरकत?"

"नाही, सर."

ओडमने पांढरी जर्सी डोक्यातून घातली. खोलीत तिसरं कोणी नव्हतं.

ओडमला रुग्णालयात नेल्यावर, दुपारी हॅस्क्यू टीगच्या कचेरीत आली आणि दार लावून घेतलं.

"अहवाल कधी?"

"सोमवारी, बर्मिंगहॅमहून. डॉक्टर आत्ता काही बोलत नाहीयेत."

"न बोलण्यासारखं आहे म्हणून?"

"सूज उतरल्याशिवाय सांगता येत नाही म्हणतात."

ती खुर्चीत बसली. "विद्यापीठाच्या अध्यक्षांचा फोन येऊन गेला. ह्युईचाही. आश्चर्य म्हणजे दोघांचा प्रश्न एकच. लाल जर्सी कोणी काढली?"

टीगने टेबलावरचे कागद सरळ केले.

"त्या पोरानं कधी मागितलं होतं का, गार्लंड? की मला लाल नको, म्हणून?"

"एप्रिलमध्ये. वसंतातल्या सरावाला. मी नाही म्हटलं."

"म्हणजे मागितलं होतं."

"एप्रिलमध्ये, लेनोरा."

"कधी मागितलं ते कोणी विचारत नाहीये." तिने टेबलावरची शिट्टी उचलली, दोरी बोटाभोवती गुंडाळली, परत ठेवली. "हे बघ. पोरानं हट्ट धरला आणि तू ऐकलंस, तर तो अपघात. तुझ्या डोक्यातून निघालं असेल, तेही गुरुवारी लोक हसले म्हणून, तर सोमवारी मला अध्यक्षांसमोर तुझी बाजू मांडता येणार नाही. मांडायची इच्छा असली तरी."

"आहे का?"

"पाच वाजता पत्रकार येतायत," ती म्हणाली आणि गेली.

पाच वाजता टीगने सांगितलं, "लाल जर्सी नको, ही जरेलची स्वतःची मागणी होती. तो तसाच पोरगा आहे. आम्ही सगळे त्याच्यासाठी प्रार्थना करतोय." मागणी कधीची, हे कोणी विचारलं नाही. तो माइकपासून उठला तेव्हा पाठीवर शर्ट चिकटला होता, आणि त्या खोलीत तर थंडगार हवा सोडलेली असते.

तासाभरात रुग्णालयाच्या खाटेवरून ओडमने फोनवर दोन वाक्यं लिहून सगळ्यांसाठी टाकली. मीच मागितलं होतं. कोचना बोल लावू नका.

टीगने त्याला तसं सांगितलं नव्हतं. त्याने ती वाक्यं गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन वाचली. त्यानंतर क्रंप्टनचा फोन आला.

"मानलं बुवा पोराला," क्रंप्टन म्हणाला. "शेवटी जिगर निघाली. त्याच्या आईला काही हवं असेल तर सांगा. आणि कोच, दुसरा क्वार्टरबॅक तयार आहे ना?"

"तयार करतोय."

"करा, करा. अजून आठवडा आहे."

रविवारी चर्च सुटल्यावर ओडमची आई टीगच्या कचेरीत आली. इव्हेट ओडम शाळेची बस चालवते. तिचं गाव दोन तासांवर. ती सरळ रुग्णालयातून आली होती. टीग उभा राहिला, तिच्यासाठी खुर्ची ओढली. ती बसली नाही.

"मिस इव्हेट, कसा आहे तो?"

"झोपलाय. औषध दिलंय." तिने भिंतीवरचे संघाचे फोटो बघितले. "कोच, तुम्ही माझ्या घरी आला होतात. तीन वर्षं झाली. पोराला तुमच्या संघासाठी मागायला आला होतात."

"आठवतं ना."

"माझ्या हातचं गोड, पीच कॉब्लर, दोनदा वाढून घेतलंत. मी म्हटलं होतं, माझा पोरगा चपळ आहे पण हाडं माझ्या भावासारखी आहेत, आणि माझा भाऊ सव्विसाव्या वर्षापासून काठीनं चालतो. तर तुम्ही म्हणालात, सामन्यात काय होईल ते देवाच्या हाती, पण माझ्या सरावात त्याला बोट लावू देणार नाही कोणाला."

"म्हणालो होतो."

"एप्रिलमध्ये त्यानं ते खूळ काढलं, तेव्हा तुमचाच फोन आला मला. मी बसमध्ये होते, गाडी बाजूला घेतली. म्हणालात, तुमचा पोरगा लाल काढू द्या म्हणतोय, लोकांचं बोलणं त्याला लागलंय. मी त्याला साफ नाही म्हटलंय, तुम्हीही तेच सांगा. मी सांगितलं. तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही." ती थांबली. "त्यानंतर त्यानं परत नाही मागितलं, कोच. मागितलं असतं तर मला कळलं असतं."

टीग टेबलाच्या कडेला टेकला.

"त्यानं काय लिहिलंय ते मी वाचलं," ती म्हणाली. "आज सकाळी तोंडावर विचारलं. तर मला म्हणतो, ममा, तू यात पडू नको, त्यांची नोकरी जाईल. एकवीस वर्षांचा आहे तो. गुडघा फुग्यासारखा झालाय आणि तुमच्या नोकरीचा घोर त्याला."

"मी त्याला काही लिहायला सांगितलं नव्हतं. खरं सांगतो."

"माहीत आहे. सांगितलं असतं तर मी इथे आले नसते, वकिलाकडे गेले असते."

"मिस इव्हेट, मी खरं बोललो तर सोमवारी मला इथून काढतील. त्यानं त्याचा गुडघा बरा होणार नाही. नवा कोच येईल, त्याला जरेल कोण माहीत नसेल. जायबंदी क्वार्टरबॅकची जागा कोण राखून ठेवतं? मी ठेवीन. त्याची शिष्यवृत्ती, त्याचं शेवटचं वर्ष..."

"हे तुम्ही त्याच्यासाठी म्हणताय की तुमच्यासाठी?"

त्याने ओढलेली खुर्ची परत आत सरकवली. मग म्हणाला, "मला आता वेगळं करता येईनासं झालंय."

इव्हेट ओडमने पर्स खांद्यावर घेतली. "मी कोणाला काही सांगणार नाही. पोरानं शपथ घातलीय. पण सगळं गाव आता म्हणतंय की हौस त्याची होती. डॉक्टर उद्या वाईट सांगतील तेव्हा तो तेच ऐकत पडून राहणार. जन्मभर. स्वतःच्या हातानं करून घेतलं म्हणून." ती दारापाशी वळली. "तुमचं ते पत्रकारांशी बोलणं उद्या असतं ना, दुपारी? मी येऊन बसेन."

संध्याकाळी टीगने घरी मर्लला सगळं सांगितलं. ती कपाटात पुस्तकं लावत होती. सांगून संपेपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.

"मी सांगितलं तर?" त्याने विचारलं.

"तर हे कपाट मागे इथेच राहील," मर्ल म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "तू जेवलास का?"

सोमवारी सकाळचा सराव टीगनेच घेतला. दुसऱ्या क्वार्टरबॅकने लाल जर्सी घातली होती. बो लँडिंगहॅम त्याच्यापासून दहा पावलं अलीकडेच थांबत होता. दोनदा ओरडा खाऊनही पुढे जाईना. टीग तिसऱ्यांदा ओरडला नाही.

दर सोमवारी दुपारी बारा वाजता मुख्य कोच पत्रकारांना भेटतो. हंगामातला पहिला सोमवार म्हणून खोली भरली होती. बर्मिंगहॅमचे दोन कॅमेरे आले होते. मागच्या भिंतीला हॅस्क्यू उभी होती आणि तिच्या शेजारी ह्युई क्रंप्टन, जो एरवी इथे येत नाही. शेवटच्या रांगेत इव्हेट ओडम, चर्चच्या कपड्यांत, पर्स मांडीवर. तिला ओळखणारं तिथे फारसं कोणी नसावं. एका वार्ताहराने तिला विचारलंसुद्धा, "ही खुर्ची रिकामी आहे का?" तिने पर्स उचलून जागा करून दिली.

टेबलावर माइक होता, पाण्याची बाटली होती. बारा वाजून गेले. सव्वाबारा झाले. हॅस्क्यूने दोनदा फोन लावला आणि दोनदा कानावरून काढला.

खोलीच्या खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो. टीगचा पांढरा ट्रक मुख्य कोचच्या पाटीखाली, रोजच्या जागी उभा होता. थंड हवेसाठी इंजिन चालू होतं आणि खालून पाणी ठिबकत होतं. काचेआड तो बसलेला दिसत होता, हात चाकावर. फोनवर बोलत नव्हता.

गुडघ्याचा अहवाल तोवर आला नव्हता. आला असला तर तो कोणी सांगितला नाही.

बारा पंचवीसला क्रंप्टन हॅस्क्यूच्या कानात काहीतरी म्हणाला. ती मान हलवून "थांब जरा" म्हणाली, आणि ते पुढच्या दोन रांगांनाही ऐकू आलं.

साडेबाराच्या सुमाराला ट्रकचं इंजिन बंद झालं. दार अजून उघडलेलं नाही.