कपाटातल्या निळ्या बशा

लोक मांजर पाळतात, पोपट पाळतात. माझ्या सुनेनं बुरशी पाळलीय! तीही माझ्या कपाटात, साखरेच्या डब्याशेजारी. काचेच्या चार बशा, त्यांत निळी थुलथुलीत जेली, आणि जेलीवर माझ्याच खताची चिमूट. विचारलं तर म्हणे, "आई, आठ दिवस हात लावू नका." माझ्या घरात मलाच हुकूम. कानामागून आली नि तिखट झाली.

तीस वर्षं मी रोपवाटिका चालवते. शाळा चौथीत सुटली, पण पाचोळ्याचं खत माझ्यासारखं कुणी करून दाखवावं. ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा. आत ऊब लागली, पांढरी जाळी दिसली, की काम चालू आहे समजायचं. यंदा मात्र दोन महिने झाले, ढीग थंडगार. पानं टाकली तशीच, शिरांसकट. तीन महिन्यांनी ट्रे भरायचे आणि खताचा पत्ता नाही. यंदा रोपं उठली नाहीत तर तीस वर्षांचं नाव मातीत.

मी सुनेलाच धरलं. "रोज काडी खुपसतेस ढिगात. पातेल्यावरचं झाकण सारखं काढलं तर शिजेल काय?"

"आणि शिजवणारीच आत नसेल तर?" प्रयोगशाळेत नोकरी करते, पण जीभ माझ्या तोडीची आहे. "आई, बुरशीला तोंड नाही, पोट नाही. ती अंगातून रस बाहेर सोडते. एन्झाइम म्हणतात त्याला. तो रस पान विरघळवतो, लाकूड विरघळवतो, मग ती ते शोषून घेते. आपण गिळतो मग पचवतो, ती आधी पचवते."

"म्हणजे आधी थुंकते, मग जेवते. तुझ्या सासऱ्यांचं उलट होतं."

ती हसली. "लाकडातला चिवट भाग तोडणारा रस हा निळा रंगही तोडतो. दोन बशांत गेल्या वर्षीचं खत आहे, दोनांत यंदाचं. कळेलच."

आठव्या दिवशी ती उठायच्या आत मी कपाट उघडलं. गेल्या वर्षीच्या चिमटीभोवती निळं पार उडून पांढरी चकती पडली होती. यंदाच्या दोन बशा पहिल्या दिवसासारख्या निळ्याशार.

"यंदा वेगळं काय टाकलंत?" मागून आवाज आला.

"काही नाही," म्हटलं, आणि लगेच आठवलं. भुसा! ढिगात घालायला दर वर्षी दिरांच्या सुतारखान्यातून आणते. यंदाचा हिरवट होता. मी तशीच चपला घालून गेले.

"भाऊजी, यंदा कसलं लाकूड कापताय?"

रंधा थांबवून ते छाती फुगवत म्हणाले, "कुंपणाच्या फळ्या, वहिनी. औषध पाजलेल्या. वीस वर्षं बुरशी शिवायची नाही!"

"आणि मी तोच भुसा बुरशीच्या ताटात वाढला!"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

आपलेच दात, आपलेच ओठ. पोती मीच उचलली, मीच पसरली. "हा भुसा हिरवा का?" असं एकटीनंच विचारलं होतं, सुनेनं, पहिल्याच दिवशी. मी म्हटलं होतं, "तुला काय कळतंय?"

घरी आले तेव्हा ती बशा पुसत होती. मी समोर उभी राहिले.

"नीट ऐक गं, दुसऱ्यांदा सांगणार नाही. चुकले मी. तो ढीग आजच कचऱ्याच्या गाडीत भरायचा, त्यातलं बोटभरही खतात नको. पाचोळा नवा आणू, विरजण गेल्या वर्षीच्या खताचं लावू. आजपासून ढिगात काय पडेल ते तू ठरवायचं. मीसुद्धा तुला विचारूनच टाकीन. ट्रे भरायच्या आत मला खत तयार दिसलं पाहिजे. आणि या बशा साखरेपासून लांब ठेव, नाहीतर पुढची चिमूट तुझ्याच चहात पडेल."