उतरवून घेतलेली यादी

ग्रंथपालबाई अकरा वर्षं एक यादी सांभाळत होत्या. इंटरनेटवर माणसं कशी वागतात याचा अभ्यास करणाऱ्यांना सामग्री कुठे मिळेल, त्याची. बंद पडलेल्या गप्पांच्या मंचांचे साठे, मीमचे कोश, संशोधनाची नियतकालिकं, कुणाची जुनी पोस्ट छापायची तर परवानगी कशी मागावी याच्या सूचना, असे चारशेवर दुवे ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर एका पानावर. दुवे मरतात फार. म्हणून बाई रोज सकाळी थोडे उघडून बघत आणि मेलेल्यांचे नवे पत्ते हुडकत.

"लोकांच्या टवाळक्यांची यादी करायची आणि वर पगार घ्यायचा! नशीब काढलंस गं वहिनी," घरी नणंद म्हणायची. बाई हसायच्या.

विभागप्रमुखांनी मात्र ते हसण्यावारी नेलं नाही. "महिन्यात तीस भेटी. त्यातल्या अठ्ठावीस तुमच्याच संगणकावरून. बाई, महिनाअखेर पान काढतोय. कुणी वापरतं असं दाखवा, तर ठेवू."

बाईंना पान जाण्याचं दुःख होतंच, पण अकरा वर्षं आपण भिंतीशी बोलत होतो की काय, हे जास्त झोंबलं. पानावर त्यांनी ठळक सूचना लावली: वापरत असाल तर दोन ओळी लिहा. आठवडा गेला. चिटपाखरूही फिरकलं नाही.

तेवढ्यात एक दुवा मेला. तो साठा सांभाळणाऱ्या परगावच्या प्राध्यापकांना बाईंनी नवा पत्ता विचारला आणि जाता जाता यादी बंद होतेय हेही कळवलं. तासाभरात उत्तर आलं.

"बाई, तुमची यादी मी दरवर्षी वर्गात वाटतो. पानावर येत नाही, कारण तळाला तुम्हीच लिहिलंय, 'इंटरनेटवरचं काहीच टिकत नाही, हे पानही टिकणार नाही. आधी उतरवून घ्या.' घेतलं उतरवून!"

बाईंनी कपाळावर हात मारला. लोक इतके आज्ञाधारक निघतील, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

प्राध्यापकांनी चार ठिकाणी निरोप धाडला आणि शुक्रवारपर्यंत अठ्ठावन्न जणांच्या प्रती येऊन पडल्या. कुणी शंभर दुवे वाढवलेले, कुणी विद्यार्थ्यांसाठी सोप्या टिपा घातलेल्या. बहुतेक प्रतींत मंचांच्या विभागात एक ओळ होती: 'चष्म्याची काडी बसवून घेणे.' बाईंनी स्वतःसाठी केलेली नोंद, कधीतरी चुकून तिथे चिकटलेली. एका संशोधिकेने तिला तळटीप दिली होती: संदर्भ सापडला नाही. बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या आणि मग ते पाणी थांबेना.

त्या प्रती छापून, गठ्ठा घेऊन विभागप्रमुखांकडे गेल्या. त्यांनी प्रती चाळल्या, अगदी आदराने चाळल्या, आणि म्हणाले, "वा! म्हणजे इथलं पान काढलं तरी कुणाचं काही अडणार नाही."

बाई भांडायच्या तयारीने आल्या होत्या. पण माणूस बरोबर बोलत होता. आणि नवल म्हणजे त्यांना वाईटच वाटेना.

"काढा," त्या म्हणाल्या.

पान गेलं. दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांचा ईमेल आला. "आम्ही यादी आपसांत वाटून घेतली आहे, प्रत्येकी सात दुवे. रोज तेवढेच तपासायचे. तुमच्या वाट्याला एकही ठेवलेला नाही. अकरा वर्षं आमचं काम तुम्ही केलंत, हे सांगायला आम्ही फार उशीर केला. आता तुम्ही विश्रांती घ्या."

बाईंनी तो ईमेल पुन्हा पहिल्यापासून वाचला. असं कुणी त्यांना आजवर म्हटलं नव्हतं. मग त्यांनी उत्तर लिहिलं.

"फार उपकार झाले तुमचे. पण मलाही सात द्या."