डाळिंबी शर्ट

बुद्धपौर्णिमेला अलोऱ्याच्या विहारात प्रभावतीबाई तांबे बोलायला उभ्या राहिल्या आणि पहिल्याच वाक्यात त्यांनी समस्त पुरुषमंडळींची हजेरी घेतली.

"बायका बघा, पांढऱ्याशुभ्र, कडक इस्त्रीच्या साड्या नेसून आल्यात. आणि तुम्ही? घरातून आलात की गोठ्यातून?"

सगळे हसले. मागच्या रांगेत बसलेला काशीराम गमरेही हसला, आणि हसता हसता त्याचा हात आपोआप पोटावर गेला. तिथलं बटण कधीच तुटलं होतं. त्या जागी सेफ्टी पिन होती.

काशीरामची सगळी नोकरी पोफळीच्या वीजघरात झाली. कामावर खाकी, घरी लेंगा-बनियन. बायको होती तोवर ती आणेल ते घालायचं. ती गेल्यावर मुलगा, महेंद्र, आपले जुने झालेले शर्ट बापाला देऊ लागला. ते खांद्यावरून उतरायचे, बाह्या पंजावर यायच्या. काशीरामला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं.

विहाराच्या कमिटीतल्या एकाकडून नंबर घेऊन त्याने बाईंना फोन केला.

"बाई, जय भीम. तुम्ही बोललात ते मला लागलं."

"लागावं म्हणूनच बोलले. कोण आपण?"

"मागच्या रांगेतला. सेफ्टी पिनवाला."

बाई मोकळ्याने हसल्या. मग फोन होतच राहिले. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, विधवा, मूलबाळ नाही. अलोऱ्याला धाकट्या भावाकडे, केरूकडे राहायच्या. पावसाळा सरला तेव्हा त्या म्हणाल्या, "रविवारी चहाला या. केरू घरी असेल. चोरून भेटायचं आपलं वय नाही, आणि कारणही नाही."

काशीरामने चिपळूण गाठलं. टेलरने गळ्यातली टेप काढत विचारलं, "काय काका, मुलाचं लग्न?"

"माझंच जमतंय का बघायचंय."

टेलरने नीट, सावकाश मापं घेतली. "सैल शिवू का? वयस्कर माणसं सैलच सांगतात."

"नको. मी आहे तेवढाच शिव."

कापड काशीरामने स्वतः निवडलं. डाळिंबी. खाली सायीच्या रंगाची पँट. शेजारच्या सलूनवाल्याने केस काळे करू का विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "कापायचे तेवढे काप. वय लपवायला नाही चाललो मी."

रविवारी सकाळी तो तयार होऊन ओटीवर आला. महेंद्र खडपोलीच्या कारखान्यात कामाला होता, सुट्टी म्हणून आज घरीच होता. त्याच्या हातातला चहा तसाच राहिला.

"बाबा, हे काय घातलंत?"

"शर्ट."

"हा रंग? या वयात? अख्खी पोफळी हसेल. आई असती तर..."

"तुझी आई असती तर मी तिच्यासाठी घातला असता. घातला नाही कधी, ते चुकलंच माझं. आता तीच चूक परत करू?"

"मला लोकांत तोंड दाखवायचंय, बाबा."

काशीरामचा आवाज चढला नाही, पण धारदार झाला. "माझ्या आज्याला वरच्या वाडीतून धुतलेलं धोतर नेसून जायची चोरी होती. चांगला कपडा अंगावर दिसला की मार बसायचा. तेव्हा आपण नीट दिसू नये असं दुसऱ्यांनी ठरवलं होतं. आज माझ्याच घरात तू ठरवतोस?"

महेंद्रची बायको रसिका आतून आली. तिने सासऱ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"बाबा, गळ्याचं बटण काढा. आवळल्यासारखं दिसतंय. आणि या स्लीपरा नकोत." तिने नवऱ्याचे तपकिरी बूट फडक्याने पुसून पुढे ठेवले.

"ते माझे बूट आहेत," महेंद्र म्हणाला.

"माहीत आहे मला," रसिका म्हणाली.

एसटीच्या थांब्यावर वीजघरातला जुना सोबती आप्पा बसला होता. चार जणांना ऐकू जाईल असं तो ओरडला, "काय गमरे, वरात कुठं निघाली?"

"अलोऱ्याला. येतोस नाचायला?"

थांबा हसला, पण आता आप्पाला.

केरूने दार उघडलं, पाहुण्याला बसायला सांगितलं आणि त्याच्याकडे बघतच राहिला. प्रभावतीबाई पाणी घेऊन आल्या. अंगावर राखाडी साडी होती. अकाली पोक्त झालेल्या बायका नेसतात तशी, दहा वेळा धुतलेली.

केरूने घसा खाकरला. "गमरे, स्पष्ट बोलतो. आम्हाला साधा माणूस हवा. या वयात एवढं नटणारा माणूस मला तरी भरवशाचा वाटत नाही."

"केरूभाऊ, मी चुरगळलेला शर्ट घालून आलो असतो तर तुम्ही मला साधा म्हणाला असतात," काशीराम म्हणाला. "पण तुमच्या बहिणीला भेटायला मी चुरगळलेला का यावं? कारखान्याच्या मुलाखतीला पोरं इस्त्री करून जातात. ही माझ्यासाठी त्याहून लहान गोष्ट आहे का?"

बाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि आत निघून गेल्या. बराच वेळ झाला. केरू पंख्याकडे बघत होता. काशीरामला वाटलं, संपलं सगळं. आता उठावं.

बाई बाहेर आल्या त्या आंब्याच्या रसासारख्या पिवळ्या साडीत. कानात कुड्या, डोळ्यांत काजळ.

"ताई!" केरू उठून उभा राहिला. "ही साडी? दाजी गेल्यापासून तू..."

"मी नाही, तुम्ही. तू आणि तुझी बायको म्हणालात, आता शोभत नाही. मी ऐकलं. इतकी वर्षं ऐकलं." बाईंचा आवाज शाळेतल्यासारखा खणखणीत होता. "लग्नाआधी मला बघायला आलेला माणूससुद्धा शेतातून उठून तसाच आला होता. माझ्यासाठी आरशासमोर उभा राहून आलेला हा पहिलाच. मग मी त्याच्यापुढे राखाडीत का बसू?"

मग त्या काशीरामकडे वळल्या. "चला, बाजारापर्यंत जाऊन येऊ."

वीज प्रकल्पाच्या वसाहतीतल्या रस्त्याला भर दुपारचं ऊन होतं. दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं बसलेली होती. बाई त्याच्या मागून नाही, शेजारून चालत होत्या.

"लोक बघतायत," काशीराम पुटपुटला. घरून तोऱ्यात निघालेला तो आता पुन्हा पुन्हा कॉलर चाचपत होता.

"बघू देत. आज बघण्यासारखे दिसतोय आपण."

बाईंनी वाटेत एका माजी विद्यार्थिनीला थांबवलं आणि, "हे गमरे. आम्ही लग्न करतोय," असं सांगून टाकलं. काशीरामला ते तिथंच, त्या मुलीबरोबरच कळलं. तो इतका गडबडला की त्या मुलीलाच दोनदा जय भीम केला.

थंडीत, त्याच विहारात लग्न लागलं. केरू आला, कोपऱ्यात बसला आणि जेवून गेला. रसिका पुढच्या रांगेत होती. महेंद्र आला नाही. "लोकांसमोर बाप नवरदेव झालेला मला बघवणार नाही," असं त्याने सांगून पाठवलं.

काशीराम आणि प्रभावतीबाईंनी अलोऱ्यातच एक खोली भाड्याने घेतली. संध्याकाळी दोघं फिरायला निघतात, तेव्हा दाराशी एकमेकांकडे नजर टाकून कॉलर, पदर सारखं करतात आणि मगच कुलूप लावतात. रसिका अधूनमधून येते. जाताना एकदा तिने विचारलं, "बाबा, तुम्हीच एकदा यांच्याशी बोलाल का?"

"बोलेन की. दार उघडंच आहे माझं," काशीराम म्हणाला. "पण मी माफी मागायला येणार नाही, हे सांग त्याला."

"सांगते," रसिका म्हणाली, आणि तिने तसंच सांगितलं.