तांबड्या रंगाचा डबा

पोटचा पोरगा घरी येतो, गोठ्यातला रंगाचा डबा उचलतो आणि आईला तोंड न दाखवता निघून जातो, ह्याला काय म्हणायचं? मी तरी चोरी म्हणते. आमचे कारभारी, गेनबा, म्हणाले, "अगं, घरातला डबा घरातल्यानंच नेला. चोरी कसली त्यात?" त्यांना सगळंच सोपं वाटतं. लग्न झाल्यापासून वाटतंय.

तो डबा मेंढरांना खूण करायचा, निळ्या रंगाची डबी त्यालाच बांधलेली. लोकर कातरून झाली की आम्ही प्रत्येक मेंढराच्या मानेपासून शेपटापर्यंत तांबडा पट्टा ओढतो आणि डाव्या मांडीवर निळं कडं काढतो. माझ्या सासूच्या सासूपासून ही आमच्या घराची खूण. आमची वस्ती गुंजवण्याच्या वर, डोंगराच्या अंगाला, पण ही खूण भोरपासून वरंध घाट उतरून खाली कोकणापर्यंत सगळे मेंढके ओळखतात. चुकार मेंढरू कुणाच्या कळपात शिरलं तर तो त्याला आपल्या मेंढरांत चारतो आणि आणून पोचवतो. आणून देणाऱ्याला आधी जेवू घालायचं, मग मेंढराकडं बघायचं. आणि हरवून आलेल्या मेंढराला मारायचं नाही, शिवी द्यायची नाही. दिली तर ते पुन्हा जातं, असं सासू सांगायची. हा शेवटचा नियम मला लई जड जातो, पण पाळते.

रंग असा पक्का की सबंध पावसाळा भिजलं तरी जात नाही. जायचा तो पुढच्या कातरणीला, लोकरीबरोबर.

आमच्या भैरवनाथनं तो पहिल्यांदा तोंडाला फासला तेव्हा त्याला नीट मिशीसुद्धा फुटली नव्हती. तो, माझ्या नणंदेचा सोमनाथ आणि भोरचा इंद्रजित, अशा तिघांनी ब्यांड काढला. लग्नातला नव्हे. लग्नातला असता तर चार बायकांत सांगता तरी आलं असतं. इंद्रजितच्या गळ्यात विजेवरची गिटार, सोमनाथपुढं ढोलांची उतरंड, आणि आमचा भैरू मध्ये उभा राहून गळा काढणार. नाव ठेवलं 'कळप'. नसरापूरला गणपतीत पहिला कार्यक्रम मिळाला. भैरू म्हणाला, नुसतं गाणं कोण ऐकतंय, सोंग पाहिजे. सोंगाला रंग पाहिजे, आणि खिशात दमडी नाही. मग काय, गोठ्यातला डबा. कपाळापासून नाकावरून हनुवटीपर्यंत तांबडा पट्टा आणि डाव्या डोळ्याभोवती निळं कडं. तिघांच्याही तोंडावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं माझ्या दारात. साबण झाला, गोडेतेल झालं, रॉकेल झालं. शेवटी मी राख घेऊन खरकटा तवा घासावा तसं भैरूला घासलं. कातडी सोलायची वेळ आली, रंग होता तिथंच.

"आये, निघंल का गं ह्यो?"

"निघंल की. कातरणीला."

सोमनाथ एका कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर होता. त्याला गेटावरूनच परत पाठवलं, तोंड धुऊन ये म्हणून. इंद्रजितच्या बापानं त्याचं ताट मागच्या पडवीत लावलं. कामधंदा बंद, घरात तोंड दाखवायची सोय नाही. मग जो बोलवील त्याच्याकडं जाऊन वाजवायचं. गणपती झाले, नवरात्र आलं. एसटीत बसले तरी माणसं वळून वळून बघायची, मोबाईलवर फोटो काढायची, विचारायची तुमी कोण. तेही सांगायचे, आमी कळप. रंग फिका पडायच्या आत पुण्याचं बोलावणं आलं. म्हणजे पोरं वर आली ती गळ्याच्या जोरावर नव्हे, माझ्या रंगाच्या जोरावर. हे मी तेव्हाही सांगत होते.

पुढं लई मोठे झाले. मी एकदाच बघितलं, भोरला. काळोख केला, धूर सोडला. धुरातून भैरू आला घोंगडी पांघरून, हातात काठी, अगदी त्याच्या आज्यासारखा चालत. मी डोक्यावर पदर घेतला. तेवढ्यात त्यानं घोंगडी भिरकावली! आत चांदीसारखा चमकणारा झगा, त्याच्यावर टिकल्या, आणि पायात ह्या एवढ्या टाचांचे बूट. माझ्या लग्नात मी नटले नव्हते एवढा नटलेला. मग एक कापडाचा लांडगा आला, बैलाएवढा, डोळ्यांत लाल दिवे. भैरूनं गाऊन गाऊन त्याला लोळवला. खरा लांडगा गाण्यानं मरत असता तर मी एवढी वर्षं कुत्री कशाला पोसली असती? आणि पुढं उभी असलेली माणसं काय करत होती? शिकलीसवरलेली माणसं, तिकीट काढून आलेली, सगळी मिळून ब्याऽऽ ब्याऽऽ करून ओरडत होती. मी गेनबाला म्हटलं, "ह्यांना चारा टाका."

गेनबा रडत होते. आनंदानं का लाजेनं, ते मी विचारलं नाही.

त्या दिवशी भैरू तसाच रंगल्या तोंडानं पाया पडायला आला. मी पाय मागं घेतले. म्हटलं, "ही खूण जनावराची. पाठीवर असते, तोंडावर न्हाई. असलं तोंड घिऊन माझ्या उंबऱ्यात यायचं न्हाई. पुसून ये, न्हाईतर येऊ नगंस." तोवर ते पुण्याचा रंग वापरायला लागले होते, कापसानं निघणारा. तेव्हा पुसून येणं काही अवघड नव्हतं. आणि यायचाही तो, दर सणाला, धुतल्या तोंडानं, मुकाट जेवून जायचा.

असली सोंगं काय जन्मभर चालत नाहीत. इंद्रजित बायकोपोरांना घेऊन नाशिकला नोकरीवर गेला. सोमनाथनं स्वतःचा टेम्पो घेतला. ह्या दिवाळीच्या आधी भैरूचा फोन आला. "आये, पुण्यात शेवटचा कार्यक्रम हाय. तू ये." मी म्हटलं, "मेंढरं कोण बघंल?" त्यानं फोन ठेवला. दोन-चार दिवसांनी बघते तर गोठ्यातला डबा नाही. मागल्या कुडापाशी मोटरसायकलच्या चाकाची खूण. आम्ही रानात असताना आला आणि गेला.

दिवाळीला भैरू फिरकला नाही, मला वाटलं, डब्यापायी तोंड लपवतोय. मग दिवाळी झाली आणि सोमनाथ टेम्पो घेऊन वर आला. टेम्पोतून उतरला तोच म्हणाला, "मामी, भैरू हितं आलाय न्हवं?"

"हितं? हितं कशाला यील तो?"

सोमनाथच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटचं गाणं झालं, भैरू स्टेजच्या मागून जो गेला तो गेला. मोबाईल तिथंच सामानाच्या पेटीवर राहिला. मोटरसायकल भोरला एसटी स्टँडापाशी सापडली. सोमनाथला वाटलं, घरी गेला असेल. त्यानं मला माझा उघडा डबा परत दिला, तो मोबाईल दाखवला आणि मला उगाच चुलीतली लाकडं मागं-पुढं करावीशी वाटली.

"कसा व्हता कार्यक्रमात?"

"झ्याक व्हता, मामी. पर शेवटाला रडत व्हता. आन म्हनला, माझं सोंग संपलं, आता मी कोन?"

सोमनाथनं चौकीत सांगितलं. ते त्यांच्या परीनं बघत होते. मी माझ्या परीनं बघायला घेतलं. मेंढरू हरवल्यावर करतो तेच केलं. सोमनाथला म्हटलं, लाव फोन. मार्गासनीला, वरव्याला, भोरला, घाटातल्या मेंढक्यांना. सगळ्यांना माझ्या नावानं एकच निरोप: बयाबाईची खूण दिसली तर कळवा.

एक जण विचारतो, "मेंढी का नर?"

म्हटलं, "नर. पस्तिशीचा. तोंडावर खूण हाय. हसू नगंस."

तो हसला नाही.

आणि काय सांगू, फोनच फोन! भोरला दिसला, नसरापूरला दिसला, वरव्याला तर एकदम तीन दिसले. सोमनाथ टेम्पो घेऊन पळत होता. प्रत्येक वेळी भलतंच कुणी निघायचं. 'कळप' बंद पडला हे कळल्यावर जिकडंतिकडं पोरापोरींनी तोंडं रंगवली होती. दुखवटा पाळत होते म्हणे. मार्गासनीहून तर लोकांनी कॉलेजातली एक पोरगी दारात आणून उभी केली. राजनंदिनी तिचं नाव. तांबडा पट्टा, निळं कडं, सगळं जिथल्या तिथं.

मी विचारलं, "कुणाची ही खूण?"

"भैरूदादाची, आजी."

"भैरूदादाची न्हाई. माझी."

पोरगी घाबरली नाही. मग म्हणाली, "आमी पाच पोरींनी ब्यांड काढलाय, आजी. घरातनं लई बोलनी खातो. पर ही खूण लावली ना, की कुणाच्या बापाला भीत न्हाई आमी." आणि एकदम रडायला लागली, भैरूदादा सापडंल ना म्हणून. माझी कुत्री तिच्या पायाशी जाऊन बसली. आमची खूण बघून बसली का पोरीला बघून, देव जाणे. मी तिला तोंड पुसायला पदर दिला. एका पुसण्यात रंग पदरावर आला. पुण्याचा रंग.

तेव्हा माझ्या मनात भलतंसलतं यायला लागलं. एवढ्या तोंडांवर आमची खूण, आता आमचं कोणतं ते ओळखायचं कुणी? गुंजवणीच्या धरणावर मी नुसती बघायलासुद्धा गेले नाही. बघायला गेलं की तिथं काहीतरी आहे असं होतं.

गेनबा रोज वाटेला तोंड करून बसायचे. भाकरी अर्धी टाकायचे. मी ओरडायचे, "उद्या मेंढरांमागं कोण पळंल, मी?" रोज ओरडायचे. घरात आवाज पाहिजे.

एक दिवस दुपारी दुधाचा टेम्पो खालच्या वळणावर थांबला. त्यातून एक म्हातारा मेंढका उतरला, काठी टेकत. घाटातला बाजी. त्याची मेंढरं दरवर्षी वरंध उतरून कोकणात जातात, माझ्या सासऱ्यांपासूनची ओळख. त्याच्या मागून कोण उतरलं ते मला दिसलं. डोक्याला बाजीचं मुंडासं, दाढी वाढलेली, आणि दाढीच्या वर तांबडा पट्टा, डाव्या डोळ्याला निळं कडं.

मी कुडाला धरलं. गेनबा धावले, त्यांचं एक पायताण वाटेतच राहिलं.

बाजी म्हणाला, "वैनी, तुमचं मेंढरू आमच्यात आलं व्हतं. पोचवाय आलो."

"बसा भाऊ," मी म्हटलं. "आधी जेवा."

रिवाज म्हणजे रिवाज. भाकरी थापली. बाजीला वाढलं, दूध ओतलं. भैरूकडं बघितलं नाही. तो अंगणात उभा, मी चुलीपाशी, आणि मधे बाजी सावकाश जेवतोय, प्रत्येक घास बत्तीस वेळा चावल्यासारखा. एवढा सावकाश जेवणारा माणूस मी आजवर बघितला नाही.

जेवता जेवता त्यानं सांगितलं. घाटात झऱ्यावर हा बसलेला, तोंड घासत. रोज घासायचा. बाजीला त्याच्या ब्यांडचं नाव-गाव काही ठाऊक नव्हतं. "म्या म्हनलं, मानूस काय बोलंना, पर खून तर बयाबाईची. अंगठा थुकीनं वला करून चोळून बघितला. रंग जाईना. म्हनलं ह्यो खरा. मंग घेतला मेंढरांत. गुणाचा हाय, चार दिस कोकरं खांद्यावर वाहिली. तुमचा निरोप मागनं कळला."

"घरी का न्हाई आला विचारलं न्हाई?"

"मेंढराला कुणी इचारतं व्हय?"

बाजीनं हात धुतला. मग मी वळले.

भैरू तिथंच उभा, उंबऱ्याच्या बाहेर. पायात त्याच टाचांचे बूट, एकाची टाच मोडलेली. म्हणाला, "आये, शेवटचा कार्यक्रम पयल्यासारखा व्हावा म्हनून डबा नेला. मंग ह्यो निघंना. तू म्हनली व्हतीस, पुसून ये. रोज घासत व्हतो."

एवढ्यासाठी! कातडी गेली होती नाकावरची. मी त्याला हाताला धरून उंबऱ्याच्या आत ओढला, रंगासकट, बुटासकट. कोंबडी उडाली, गेनबा हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले. भैरूनं सहा भाकरी खाल्ल्या. सोमनाथनं फोन करून त्या राजनंदिनीला सांगितलं, तर फोनातून सगळ्या पोरी ब्याऽऽ करून ओरडल्या. बाजीनं कानाला हात लावला आणि विचारलं, "ही कुणाची मेंढरं?"

"आमचीच," मी म्हटलं. "आमचीच खूण हाय त्यांच्यावर."

बऱ्याच दिवसांनी मला कंबर टेकावीशी वाटली. भिंतीला टेकून बसले. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, आता ही बोलणार म्हणून. मी काही बोलेना, तसा भैरूच धास्तावला.

"आये, शिव्या दे की. गप का?"

म्हटलं, "हरवून आलेल्याला बोलायचं न्हाई, म्हनून गप हाय. तू चांगला गायलास का वाईट, ते मला कळत न्हाई, त्या पोरींना इचार. माझा निवाडा डब्यापुरता. पुढच्या बारीला रंग पायजे असंल तर मागल्या कुडानं यायचं न्हाई. दारातनं यायचं, रंगलेलं असंल तर रंगलेलं, पर मला तोंड दाखवायचं, आन मंग न्यायचा. आन जाताना झाकण लाव, वाळून जातोय."